केसपेपर जाब विचारू लागला तेव्हा : आरोग्य-माहितीशास्त्राचा जन्म

१/
दवाखान्यात गेलो की आधी केसपेपर काढावा लागतो. नाव, वय, तक्रार, औषध एवढे लिहून झाले की तो फायलीत जातो आणि बहुधा तेथेच पडून राहतो. या पडून राहिलेल्या कागदाला बोलते करणारे एक स्वतंत्र शास्त्र आज आहे : हेल्थ इन्फॉर्मेटिक्स, म्हणजेच आरोग्य-माहितीशास्त्र. जगातील अनेक विद्यापीठे त्यात पदव्युत्तर पदवी देतात. हे शास्त्र संगणकाचे अपत्य आहे, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु त्याची मुळे संगणकाहून जुनी आहेत आणि त्यांतील एक ठळक मूळ बॉस्टनच्या एका रुग्णालयात सापडते. त्या मुळाचा हा धागा.

२/
मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटल १८२१ साली सुरू झाले. १६ ऑक्टोबर १८४६ रोजी येथेच इथरची भूल देऊन केलेल्या शस्त्रक्रियेचे प्रसिद्ध जाहीर प्रात्यक्षिक झाले. पुढे भूल देणे ही नित्याची बाब झाली, इतकी की ते काम वैद्यकीय विद्यार्थ्यांकडे सोपवले जाई. हार्वर्डचा असाच एक विद्यार्थी, हार्वे कुशिंग, भूल देत असताना एक रुग्ण दगावला. त्या मृत्यूने कुशिंग मुळापासून हादरला. नेमके कोणत्या क्षणी काय बिघडले, हे सांगणारी एकही लेखी खूण मागे नव्हती.

३/
१८९४ साली कुशिंग आणि त्याचा सहाध्यायी अर्नेस्ट अमोरी कॉडमन यांनी भूल चालू असताना रुग्णाची नाडी व श्वास ठरावीक अंतराने कागदावर मांडण्यास आरंभ केला. चांगली भूल कोण देतो, यावर दोघांत पैजही लागली होती. ती पैज मिटवण्यासाठी का होईना, पुरावा हवा होता. आज प्रत्येक शस्त्रक्रियागृहात दिसणाऱ्या भूल-नोंदीच्या तक्त्याचा वंश या कागदांपर्यंत पोहोचतो.

४/
कुशिंग पुढे मेंदूच्या शस्त्रक्रियेचा आद्य आचार्य म्हणून जगप्रसिद्ध झाला. कॉडमनही शल्यचिकित्सक झाला. पण त्या तक्त्याने त्याच्या मनात रुजवलेला प्रश्न त्याला स्वस्थ बसू देईना. रुग्ण घरी गेला म्हणजे तो बरा झाला, असे कशावरून? त्याने प्रत्येक रुग्णासाठी एक कार्ड सुचवले : रोग काय होता, उपचार काय केला आणि एका वर्षानंतर रुग्णाची स्थिती काय आहे. उपचार फसला असेल तर का फसला, हेही त्याच कार्डावर लिहायचे. या कल्पनेला त्याने ‘अंतिम फलित’ असे नाव दिले.

५/
सहकाऱ्यांना ही कल्पना रुचली नाही. रुग्णालयातील बढती सेवाज्येष्ठतेवर अवलंबून होती, आणि कॉडमन ती फलितावर अवलंबून ठेवू पाहत होता. १९१४ साली त्याने निषेध म्हणून राजीनामा दिला आणि लगोलग, आपल्या शस्त्रक्रियांचे परिणाम अधिक चांगले आहेत या कारणास्तव, मुख्य शल्यचिकित्सकाच्या पदासाठी अर्ज केला! जानेवारी १९१५ मध्ये भर वैद्यकीय सभेत त्याने एक व्यंगचित्र उलगडले : बॉस्टनचा धनिक वर्ग वाळूत डोके खुपसलेल्या शहामृगाच्या रूपात डॉक्टरांना सोन्याची अंडी देत आहे. त्यानंतर सभेतील अध्यक्षपदही गेले आणि हार्वर्डमधील अध्यापनाची जागाही.

६/
१९११ पासून तो स्वतःचे छोटे रुग्णालय चालवत होता. १९११ ते १९१६ या काळात तेथून घरी गेलेल्या ३३७ रुग्णांचा हिशेब त्याने छापला आणि त्यात १२३ चुका आपणहून नोंदवल्या. व्यवसायबंधूंनी त्याला वाळीत टाकल्यासारखेच झाले. १९४० साली तो निवर्तला. त्याच्या थडग्यावर नावाची शिळा बसायला २०१४ साल उजाडावे लागले.

७/
माणूस एकाकी पडला, पण कल्पना मागे उरली. ‘अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्स’ या संघटनेत रुग्णालयांच्या प्रमाणीकरणाचा आग्रह धरणाऱ्यांत कॉडमन आघाडीवर होता. संघटनेने शंभर वा अधिक खाटांची ६९२ रुग्णालये तपासली, तेव्हा किमान निकषांवर केवळ ८९ उतरली. १९१९ साली न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ-अस्टोरिया हॉटेलात ही संख्या जाहीर झाली. नावांची यादी मात्र वर्तमानपत्रांच्या हाती लागू नये म्हणून तेथल्याच भट्टीत जाळण्यात आली. नोंदीला लोक का घाबरतात, याचे याहून बोलके उदाहरण शोधावे लागणार नाही.

८/
त्या निकषांत एक अट होती : प्रत्येक रुग्णाची अचूक व पूर्ण नोंद ठेवावी आणि ती हवी तेव्हा हाती लागावी. पण हे करणार कोण? डॉक्टरांना सवड नव्हती, कारकुनांना रोगांची नावे कळत नव्हती. याच मॅसॅच्युसेट्स जनरलमध्ये ग्रेस व्हायटिंग मायर्स या ग्रंथपाल बाई अनेक वर्षे रुग्णनोंदींचे दप्तर सांभाळत होत्या. १९२८ साली त्यांच्या पुढाकाराने उत्तर अमेरिकेतील नोंद-ग्रंथपालांची संघटना स्थापन झाली आणि त्या तिच्या पहिल्या अध्यक्ष झाल्या. या कामाला आता नाव मिळाले आणि एका व्यवसायाची प्रतिष्ठाही. ही संघटना बदललेल्या नावाने आजही कार्यरत आहे.

९/
इतिहास कॉडमनला आठवतो, मायर्सबाईंना फारसा नाही. वास्तविक दोघांचे काम परस्परांवाचून पांगळे आहे. हवा तो कागद सापडलाच नाही, तर कॉडमनचा प्रश्न हवेत विरतो. आणि प्रश्नच विचारला गेला नाही, तर मायर्सबाईंची नीटनेटकी कपाटे म्हणजे केवळ अडगळ. पुढे आरोग्य-माहितीशास्त्र म्हणून जे उभे राहिले, ते या दोहोंची सांगड होय.

१०/
१९६० च्या दशकात संगणक याच रुग्णालयात आला. संपूर्ण रुग्णालय एकदम यंत्रावर आणण्याचे स्वप्न यंत्राच्या आवाक्याबाहेरचे ठरले. १९६४ च्या सुमारास सूत्रे हाती घेतलेल्या ऑक्टो बार्नेट या हृदयरोगतज्ज्ञाने निराळा मार्ग धरला : एका वेळी एकच लहान, उपयोगी काम हाती घ्यायचे. अडचण भाषेची होती. तत्कालीन संगणकभाषा आकडेमोडीसाठी घडवलेल्या, तर रुग्णाची माहिती कमालीची ओबडधोबड. एकाच्या दोन तपासण्या, तर दुसऱ्याच्या दोनशे. समान रकाने आखावेत, तर बहुतेक रिकामेच राहणार.

११/
यावर बार्नेट यांच्या प्रयोगशाळेत १९६६-६७ मध्ये नील पॅपालार्डो, कर्ट मार्बल आणि वैद्यकासोबत उपयोजित गणितही शिकणारे रॉबर्ट ग्रीन्स यांनी ‘मम्प्स’ ही भाषा घडवली. तिच्यात माहिती झाडाच्या फांद्यांसारखी साठते. जेथे माहिती आहे तेवढीच फांदी फुटते. शिवाय एका लहान यंत्रावर अनेकांना एकाच वेळी काम करता येई. मम्प्स म्हणजे गालगुंड. पण नावातला ‘एम’ मॅसॅच्युसेट्सचा. पॅपालार्डो यांनी १९६९ साली ‘मेडिटेक’ ही कंपनी काढली. अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांची प्रणालीही याच भाषेत वाढली.

१२/
भाषा आली, यंत्रे आली. पण वैद्यक आणि गणन दोन्ही जाणणारी माणसे कोठे घडवायची? बॉस्टनपासून दूर, युटा विद्यापीठात होमर वॉर्नर या हृदयरोगतज्ज्ञाने १९६१ साली जन्मजात हृदयविकारांच्या निदानासाठी संभाव्यतेचे गणित संगणकावर वापरून दाखवले. १९६४ साली त्याने तेथे जो विभाग उभारला, त्यातूनच या विषयाच्या शिक्षणाचे एक आद्यपीठ आकाराला आले. १९७२ पासून अमेरिकेचे राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालय अशा प्रशिक्षणास अनुदान देऊ लागले. येथेही पाठीशी उभे राहिले ते ग्रंथालयच, हे लक्षात घ्यावे.

१३/
स्टॅनफर्डमध्ये एडवर्ड शॉर्टलिफ यांनी १९७० च्या दशकात ‘मायसिन’ ही प्रणाली रचली. रक्तातील गंभीर संसर्गावर कोणते प्रतिजैविक द्यावे, हे ती सुचवी. चाचणीत तिचे सल्ले नामांकित तज्ज्ञांच्या तोडीचे ठरले. तरीही प्रत्यक्ष वॉर्डात ती कधीच वापरली गेली नाही. डॉक्टरच्या दैनंदिन कामाच्या ओघात तिला जागाच नव्हती. उत्तम उत्तर आणि उपयोगी उत्तर यांतील हे अंतर ओळखणारा माणूस हवा होता. १९८२ साली स्टॅनफर्डने या विषयात एम.एस. आणि पीएच.डी. सुरू केली.

१४/
एकच अभ्यासक्रम काय घडवू शकतो? विस्कॉन्सिन विद्यापीठात वॉर्नर स्लॅक हे डॉक्टर ‘वैद्यकातील संगणक’ हा विषय शिकवत. संगणकशास्त्राची विद्यार्थिनी ज्युडिथ फॉकनर त्या वर्गात बसली. १९७९ साली तिने मॅडिसन शहरात जी कंपनी काढली, ती आज ‘एपिक’ म्हणून ओळखली जाते. तिच्या प्रणालीचा पायाही मम्प्सच्याच परंपरेतला.

१५/
मान्यतेचा क्रमही लक्षणीय आहे. अमेरिकेत परिचारिकांच्या संघटनेने १९९२ साली या विषयाला विशेष शाखा मानले. प्रमाणपत्र परीक्षा १९९५ पासून. डॉक्टरांसाठी अशी उपशाखा २०११ साली मान्य झाली आणि पहिली परीक्षा २०१३ साली. रुग्णाच्या उशाशी बसून नोंद लिहिणाऱ्यांनी या क्षेत्रात डॉक्टरांच्या कितीतरी आधी आपली जागा निश्चित केली होती.

१६/
२००९ च्या कायद्याने अमेरिकन सरकारने इलेक्ट्रॉनिक नोंदींसाठी प्रचंड निधी ओतला आणि मनुष्यबळ घडवण्यासाठी विद्यापीठांनाही अनुदान दिले. नोकऱ्या वाढल्या. त्याबरोबर एक तक्रारही वाढली : नोंदी बिलाच्या सोयीने लिहिल्या जातात आणि डॉक्टरांचे डोळे रुग्णाऐवजी पडद्याकडे असतात. मायर्सबाईंची कपाटे विजेवर चालू लागली खरी, पण कॉडमनचे कार्ड कित्येक ठिकाणी हरवले.

१७/
आपल्याकडे इलेक्ट्रॉनिक आरोग्यनोंदींची मानके २०१३ साली आली, २०१६ साली सुधारली गेली. त्यांच्या वापरासाठीचे राष्ट्रीय केंद्र पुण्यात, सी-डॅकमध्ये आहे. २७ सप्टेंबर २०२१ रोजी आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झाले. म्हणजे या व्यवसायाचा पुढचा अध्याय मराठी मुलामुलींच्या दाराशी आला आहे. येथे येण्यासाठी डॉक्टरच असावे लागते असे नाही. या धाग्यातील माणसेच पाहा : ग्रंथपाल, परिचारिका, हृदयरोगतज्ज्ञ, संगणकाची विद्यार्थिनी.

१८/
पदव्युत्तर अभ्यासक्रम निवडताना सॉफ्टवेअरची नावे पाहू नका; ती बदलत राहतील. रोगांची वर्गीकरणे, संख्याशास्त्र, रुग्णाची गोपनीयता आणि वॉर्डातील प्रत्यक्ष काम हे तेथे शिकवतात का, ते पाहा. आणि एक प्रश्न अवश्य विचारा : घरी गेलेल्या रुग्णाचे वर्षभरानंतर काय झाले, हे तुमच्या विद्यार्थ्याला शोधता येते का?

हा प्रश्न विचारण्यासाठी कॉडमनने नोकरी गमावली. आज तो विचारणाऱ्यास पगार मिळतो.

(धागा समाप्त. तुमच्या गावच्या दवाखान्यात जुने केसपेपर किती वर्षे जपून ठेवतात, ते ठाऊक असल्यास खाली अवश्य लिहा.)