गोव्याहून निघालेली बोट

ऑनसाइट करून आलेल्या मित्रमंडळींत सध्या एक नवं खूळ आहे: अंटार्क्टिकाची क्रूझ. अर्जेंटिनातल्या उशुआयाला बोटीत बसायचं, केबिनमध्ये बॅगा टाकायच्या, ड्रेक पॅसेजमध्ये दोन दिवस उलट्या काढायच्या, की समोर पेंग्विन! कसबा पेठेत वाढलेल्या माझ्यासारख्याला पाणी म्हणजे मुठा, तीही धरणातून सोडली तर :) त्यामुळे तिकिटाच्या भानगडीत न पडता मी वेगळंच शोधत बसलो: आपली पहिली मोहीम तिकडे गेली कशी?

तर उत्तर शेजारीच निघालं, गोव्यात. ६ डिसेंबर १९८१ ला ‘पोलार सर्कल’ ही नॉर्वेची भाड्याने घेतलेली बोट गोव्याहून सुटली. डॉ. एस. झेड. कासिम यांच्या नेतृत्वाखाली २१ जण. मोहीम गुप्त होती बरं का! अंटार्क्टिका कराराच्या क्लबात भारत तेव्हा नव्हता, आणि तिथे मत द्यायचा हक्क हवा तर आधी प्रत्यक्ष संशोधन करून दाखवावं लागतं. म्हणजे आधी पोचा, मग बोला. ९ जानेवारी १९८२ ला ही मंडळी बर्फावर उतरली, आणि १९८३ साली भारताला करारात मताधिकार मिळाला.

आता थोडं गणित. गोवा साधारण १५ अंश उत्तर, आपलं पहिलं ठाणं ७० अंश दक्षिण. ८५ अंश गुणिले १११ किलोमीटर, म्हणजे सरळ रेषेतसुद्धा साडेनऊ हजार किलोमीटर! उशुआया आधीच ५५ अंश दक्षिणेला, तिथून हे अंतर जेमतेम हजार. म्हणून क्रूझवाल्यांचे दोन दिवस आणि आपल्या मंडळींचे ३४.

या ३४ दिवसांत बोटीत नुसतं बसून भागत नाही, रुळावं लागतं. निघताना घाम, विषुववृत्तावर उकाडा, मग चाळिशी-पन्नाशी अक्षांशातले बेफाम वारे. रात्र रोज थोडी आखडत जाते आणि शेवटी सूर्य मावळायचंच विसरतो. आपला डिसेंबर म्हणजे तिकडचा उन्हाळा. तेवढ्याच काळात बर्फ वाट देतो, त्यामुळे उशीर परवडत नाही.

त्या २१ जणांत बाई एकही नव्हती. ती वेळ आली तिसऱ्या मोहिमेत, १९८३ च्या डिसेंबरात. ‘फिनपोलारिस’ बोटीवर दोघी होत्या: भूवैज्ञानिक सुदीप्ता सेनगुप्ता आणि सागरवैज्ञानिक अदिती पंत. अदितीताई आपल्याच. औंधच्या पंतप्रतिनिधींच्या घराण्यातल्या (आयटीवाल्यांचं औंध नव्हे, सातारा जिल्ह्यातलं!), अप्पा पंतांच्या कन्या. पुणे विद्यापीठातून बी.एस्सी. विद्यार्थीदशेत ॲलिस्टर हार्डी यांचं ‘द ओपन सी’ हाती पडलं आणि समुद्राचं वेड लागलं. हे हार्डी स्वतः १९२५ साली ‘डिस्कव्हरी’ बोटीवरून दक्षिण महासागरात गेलेले. म्हणजे एका बोटीवरचा माणूस पुस्तक लिहितो आणि ते वाचून पुण्यातली मुलगी दुसऱ्या बोटीवर चढते... मधे जवळजवळ साठ वर्षं, हवाई, लंडन आणि गोव्याची समुद्रविज्ञान संस्था.

त्याच मोहिमेत ‘दक्षिण गंगोत्री’ हे पहिलं कायमचं ठाणं उभं राहिलं आणि १२ जण हिवाळाभर तिथे राहिले. पुढे ते ठाणं बर्फाखाली गेलं; आता ‘मैत्री’ आणि ‘भारती’ आहेत.

असो. जीकेच्या गाईडात ‘अंटार्क्टिकावर पाऊल ठेवणाऱ्या पहिल्या भारतीय महिला’ ही एक ओळ असते. मला त्यातलं ‘पाऊल’ जरा कमी वाटतं. बर्फावर बोट लागली की पाऊल कुणाचंही पडतं. अवघड होतं ते गोव्याच्या धक्क्यावर, उन्हात उभ्या असलेल्या बोटीच्या यादीत आपलं नाव असणं. ते १९८१ ला एकाही बाईच्या वाट्याला आलं नाही, १९८३ ला दोघींच्या आलं. माझ्या मते इतिहास तिथे घडला, बर्फ दिसायच्या महिनाभर आधी.