एस्‌नेट

एस्‌नेट : क्यूबाची राजधानी हॅवाना येथील नागरिकांनी स्वखर्चाने उभारलेले, इंटरनेटशी न जोडलेले खासगी संगणक-जाळे. ‘स्ट्रीट नेटवर्क’ या इंग्रजी नावाचा हा संक्षेप होय. बाह्य जगाशी संपर्क तुटपुंजा असला, तरी घराघरांतील चित्रपट, संगीत, खेळ व वाचनसामग्री परस्परांपर्यंत पोहोचविता येते, हे या जाळ्याने दाखवून दिले.

पार्श्वभूमी : १९६२ पासूनचे अमेरिकेचे व्यापारनिर्बंध व संदेशवहनावरील शासकीय मक्तेदारी यांमुळे क्यूबात इंटरनेटचा प्रसार मंदगतीने झाला. व्हेनेझुएलापासून टाकलेली समुद्रतळावरील केबल २०१३ मध्ये कार्यान्वित झाली. तोपर्यंत देशाची भिस्त उपग्रहावर होती. सामान्य नागरिकांस संगणक विकत घेण्याची मुभाही २००८ मध्येच मिळाली. २०१५ मध्ये सार्वजनिक चौकांत बिनतारी सेवा सुरू झाली, तेव्हा तिचा दर तासास २ डॉलर होता आणि सरासरी सरकारी वेतन महिन्यास ३० डॉलरांहूनही कमी होते. त्यामुळे चित्रपट व मालिका मुख्यत्वे हातोहात फिरत. सु. १ टेराबाइट सामग्रीचा, चकतीवरून घरोघर नेला जाणारा ‘साप्ताहिक गठ्ठा’ (एल पाकेते सेमानाल) हे त्याचे प्रसिद्ध रूप होय.

रचना व कार्य : सु. २००१ मध्ये संगणकावरील खेळांची आवड असलेल्या तरुणांनी शेजारची घरे तारांनी जोडण्यास प्रारंभ केला. पुढे गच्चीवरील आकाशकांच्या (अँटेनांच्या) साहाय्याने निरनिराळ्या वस्त्या जोडल्या गेल्या आणि वापरणाऱ्यांची संख्या हजारोंच्या घरात गेली. अशा जाळ्यात सामग्री दूरच्या केंद्रावरून येत नाही. ती एका घरातील संगणकाच्या चकतीवरून दुसऱ्या घरात जाते. सुस्पष्ट चित्रपट पाहण्यास सेकंदास सु. ५ मेगाबिट वेग पुरतो, तर साध्या स्थानिक तारेतून १०० मेगाबिट वाहू शकतात. म्हणूनच इंटरनेटच्या अभावी येथील व्यवहार अडत नसे. खेळांखेरीज फाइलींची देवघेव, संभाषण व विकिपीडियाची स्थानिक प्रत या सोयीही जाळ्यावर होत्या. व्यवस्थापकांनी राजकीय चर्चा व अश्लील सामग्री यांवर स्वतःच बंदी घातली होती. शासनाने जाळ्याकडे काणाडोळा करावा, यासाठी मोजलेली ही किंमत होती.

विलीनीकरण : २९ जुलै २०१९ पासून दळणवळण मंत्रालयाचे ठराव क्र. ९८ व ९९ अंमलात आले. त्यांनी घरातील बिनतारी जाळ्यांस मान्यता दिली. परंतु रस्ता ओलांडणाऱ्या तारा व १०० मिलिवॉटहून अधिक शक्तीची प्रक्षेपणे यांस मनाई केली. घराच्या भिंतींच्या आत जे वैध ठरले, तेच शेजाऱ्याच्या घरापर्यंत जाताच अवैध झाले. वापरकर्त्यांनी ऑगस्टमध्ये निषेध नोंदविला. तथापि अखेरीस जाळे १९८७ मध्ये स्थापन झालेल्या शासकीय युवक संगणक मंडळांच्या (होवेन क्लुब) व्यवस्थेत सामावून घेण्यात आले.

डिसेंबर २०१८ पासून भ्रमणध्वनीवर इंटरनेट उपलब्ध झाल्याने माहितीची वाट काही अंशी मोकळी झाली. परंतु ती दर मोजून मिळणारी सेवा होती. एस्‌नेटच्या तारा मात्र वापरणाऱ्यांच्या स्वतःच्या होत्या. जाळे उभारण्यास तंत्र व शेजारधर्म पुरेसे ठरले. ते टिकविण्यास लागणारा कायद्याचा आधार मात्र त्यास कधीच लाभला नाही.