व्यवसायातील कृत्रिम बुद्धिमत्ता : वापर यंत्राचा, उत्तरदायित्व संस्थेचे

ग्राहकांच्या प्रश्नांना उत्तरे देणे, नोकरीसाठी आलेले अर्ज चाळणे, कर्जदाराची पत ठरवणे, व्यवहारांतील गैरप्रकार हुडकणे अशा अनेक कामांसाठी व्यवसायांमध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेचा वापर होत आहे. ही प्रणाली आधीच्या माहितीतील साम्ये शोधून त्यांवरून अनुमान काढते. तिचे उत्तर ठाम वाटले तरी ते बिनचूक असेलच असे नाही. अशा उत्तरामुळे कोणाचे नुकसान झाल्यास उत्तरदायी कोण, हा या तंत्रज्ञानाच्या जबाबदार वापरातील मूळ प्रश्न आहे.

कॅनडातील निवाडा

नोव्हेंबर २०२२ मध्ये एअर कॅनडा या विमान कंपनीच्या एका प्रवाशाने आजीच्या निधनानंतर भाडेसवलतीची चौकशी कंपनीच्या संकेतस्थळावरील चॅटबॉटकडे केली. तिकीट काढल्यावर ९० दिवसांत सवलतीसाठी अर्ज करता येईल, असे उत्तर त्याला मिळाले. प्रत्यक्षात, प्रवास झाल्यानंतर सवलत न देण्याचा कंपनीचा नियम होता. त्यावर बोट ठेवून कंपनीने परतावा नाकारला.

हा वाद ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील दिवाणी तंटा निवारण न्यायाधिकरणापुढे गेला. चॅटबॉटने दिलेल्या माहितीबद्दल आपण उत्तरदायी नाही, अशी भूमिका कंपनीने तेथे घेतली. फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यायाधिकरणाने ती फेटाळली. माहिती साध्या पानावर असो वा चॅटबॉटने दिलेली असो, संकेतस्थळावरील सर्व माहितीची जबाबदारी कंपनीचीच, असा निर्वाळा देण्यात आला. व्याज व शुल्कासह सुमारे ८१२ कॅनेडियन डॉलर प्रवाशाला देण्याचा आदेश झाला. रक्कम लहान होती. परंतु ‘चूक यंत्राची, आमची नव्हे’ हा बचाव टिकला नाही.

जुन्या माहितीतील दोष

सदोष उत्तराप्रमाणेच पक्षपाती निवड हाही मोठा धोका आहे. ॲमेझॉन कंपनीने २०१४ पासून उमेदवारांचे अर्ज तपासणारी प्रणाली विकसित केली होती. मागील दहा वर्षांत आलेल्या अर्जांवरून ती शिकली. त्यांत पुरुषांचे अर्ज बहुसंख्य असल्याने ती महिलांना कमी गुण देऊ लागली. कंपनीने पुढे हा प्रकल्प बंद केला. २०१८ मध्ये ही बाब उजेडात आली. पूर्वीच्या व्यवहारातील भेदभाव यंत्र आपोआप दूर करत नाही. उलट त्याचीच पुनरावृत्ती करू शकते.

भारतातील चौकट

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये संमत झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. व्यवसायांवरील प्रमुख बंधने त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होण्याची तरतूद आहे. माहितीच्या सुरक्षेत कसूर केल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

वित्तीय क्षेत्रासाठी रिझर्व्ह बँकेने मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील प्राध्यापक डॉ. पुष्पक भट्टाचार्य यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. ऑगस्ट २०२५ मध्ये जाहीर झालेल्या तिच्या अहवालात सात सूत्रे आहेत. विश्वास, माणसाला प्राधान्य, न्याय्यता, उत्तरदायित्व आणि सुबोधता यांचा त्यांत समावेश आहे. नोव्हेंबर २०२५ मधील केंद्र सरकारच्या मार्गदर्शक तत्त्वांतही या सूत्रांचा आधार घेण्यात आला.

अवलंब करताना

ही प्रणाली कोणकोणत्या कामांत वापरली जाते, याची नोंदवही ठेवणे ही पहिली पायरी होय. पत्राचा मसुदा करणे आणि कर्ज नाकारणे यांतील जोखीम सारखी नसते. नोकरी, कर्ज, विमा, उपचार अशा बाबींत अंतिम निर्णय माणसाने घ्यावा आणि त्याचे कारण अर्जदाराला समजेल अशा भाषेत सांगता यावे.

ग्राहकांची माहिती किंवा कंपनीची गोपनीय कागदपत्रे बाहेरच्या सेवेत भरण्याबाबत कर्मचाऱ्यांसाठी लेखी नियम असावेत. प्रणाली विकत घेतली असल्यास माहितीची मालकी, साठवण आणि दोष दुरुस्ती यांविषयी करारात स्पष्ट अटी घालाव्यात. मराठी, हिंदी किंवा मिश्र भाषेत प्रश्न विचारणारे ग्राहक असतील, तर त्याच भाषांत चाचणी घ्यावी. केवळ इंग्रजीतील यशावर विसंबू नये.

आपण यंत्राशी बोलत आहोत, हे ग्राहकाला आरंभीच कळावे आणि माणसाशी बोलण्याचा मार्ग खुला असावा. प्रत्येक प्रणालीसाठी एक जबाबदार अधिकारी नेमून, गरज पडल्यास ती थांबवण्याचा अधिकार त्याला द्यावा. काम यंत्राकडे सोपवता येते. त्याचे उत्तरदायित्व मात्र सोपवता येत नाही.