दूरचित्रवाणी आकाशकाचे भूसंपर्कन

घराच्या गच्चीवर किंवा कौलारू छपरावर उभारलेल्या दूरचित्रवाणी आकाशकाचा, म्हणजे अँटेनाचा, धातूचा खांब आणि त्यावरून खाली उतरणाऱ्या केबलचे बाहेरचे धातूचे वेष्टन जाड वाहकाने जमिनीशी, तसेच घराच्या वीजजोडणीच्या अर्थिंगशी जोडण्याच्या व्यवस्थेला आकाशकाचे भूसंपर्कन म्हणतात. ही व्यवस्था वीज पडणे टाळू शकत नाही. वीज पडली किंवा जवळपास कडाडली, तर उसळणाऱ्या प्रवाहाला घराबाहेरूनच जमिनीकडे वाट मिळावी आणि घरातील निरनिराळ्या धातूच्या भागांत धोकादायक विद्युत् दाबाचा फरक पडू नये, एवढाच तिचा हेतू असतो.

महाराष्ट्रात अशा आकाशकांचा प्रसार २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाल्यावर, आणि १९७३ मध्ये सिंहगडावरील प्रक्षेपकामुळे ते कार्यक्रम पुण्यात दिसू लागल्यावर झाला. घरोघरी दिसणारा काड्यांचा आकाशक हा शिंतारो उडा आणि हिदेत्सुगु यागी यांनी १९२६ च्या सुमारास जपानमध्ये मांडलेल्या रचनेचा वंशज होय. त्याच्या काड्यांची लांबी तरंगलांबीच्या सु. निम्मी ठेवावी लागत असल्याने सुरुवातीच्या कमी कंप्रतेच्या वाहिन्यांसाठी त्या दोन मीटरांहून लांब असत, आणि संदेश क्षीण असलेल्या गावांत जीआय पाइपाला पाइप जोडून त्या शक्य तितक्या उंच चढवल्या जात. परिणामी आकाशक हाच घराचा सर्वांत उंच धातूचा भाग ठरे. त्याच्या अर्थिंगचा विचार मात्र क्वचितच होई.

वादळी हवेत कोरडी धूळ आणि विद्युत्‌भारित थेंब धातूवर आदळून विलग आकाशकावर स्थिर विद्युत् भार साचत जातो. खांब जमिनीशी जोडलेला असल्यास हा भार सतत झिरपून जातो. आकाशकात केबल ज्या काडीला जोडतात त्या नेहमीच्या दुमडलेल्या द्विध्रुवाच्या वरच्या काडीचा मध्यबिंदू धातूच्या दांड्याला थेट कसता येतो, कारण तेथे संदेशाचा दाब शून्य असतो आणि जोडणीने चित्र बिघडत नाही. त्याचबरोबर घरात केबलची पिन हाताळताना बोटांना येणाऱ्या झिणझिण्याही वेष्टन अर्थ केल्यावर थांबतात. त्या आकाशकाकडून येत नसून बहुधा दूरचित्रवाणी संचातील गाळणी संधारित्रांतून पाझरणाऱ्या अत्यल्प प्रवाहाच्या असतात.

पडणाऱ्या विजेचा शिखरप्रवाह साधारणतः ३०,००० अँपिअर धरला जातो. अर्थिंगच्या खड्ड्याचा रोध १० ओहम असला, तरी एवढ्या प्रवाहाने त्या ठिकाणचा विद्युत् दाब क्षणभर तीन लाख व्होल्टपर्यंत चढतो, म्हणजे ‘अर्थ’ म्हणून मानलेली जागाच त्या क्षणी शून्य दाबाची राहत नाही. आकाशकासाठी वेगळा खड्डा खणून तो मीटरच्या अर्थिंगपासून अलग ठेवण्याची प्रचलित पद्धत या कारणाने घातक ठरते, कारण दूरचित्रवाणी संच एकीकडे केबलने आकाशकाच्या खड्ड्याशी आणि दुसरीकडे प्लगने घराच्या वीजजोडणीशी बांधलेला असतो आणि दोन खड्ड्यांतील सगळा दाब त्याच्याच अंगावर येतो. असा खड्डा मुळीच नसण्यापेक्षा बरा, ही समजूत बरोबर नाही. वेगळा खड्डा केलाच, तर तो घराच्या मुख्य अर्थिंगशी जाड वाहकाने जोडावा लागतो; अमेरिकेच्या राष्ट्रीय विद्युत् संहितेच्या ८१० व्या कलमानुसार या जोडणीसाठी सु. १३ चौरस मिमी. छेदाची तांब्याची तार किमान धरली आहे. आयईसी ६०७२८-११ हे आंतरराष्ट्रीय मानक खांबासाठी १६ चौरस मिमी. तांबे मागते. छपराच्या कडेपासून २ मीटरांहून अधिक खाली आणि भिंतीपासून १.५ मीटरच्या आत बसवलेल्या आकाशकाच्या खांबाला मात्र ते यातून सूट देते. बाल्कनीतील डीटीएच छत्र्या बहुतांशी या सवलतीत बसतात, गच्चीवरच्या बसत नाहीत.

तारेच्या जाडीइतकाच तिचा मार्गही महत्त्वाचा असतो. सरळ तारेच्या दर मीटरमागे सु. १ मायक्रोहेन्री प्रवर्तकता धरली आणि प्रवाह मायक्रोसेकंदाला १०,००० अँपिअर या वेगाने वाढला, तर प्रत्येक मीटरवर १०,००० व्होल्ट पडतात. म्हणून आठ मीटर लांबीची तार वरपासून खालपर्यंत ८०,००० व्होल्टचा फरक सोसते, आणि तिला एखाद्या कोपऱ्यात काटकोनात वळवले किंवा उरलेल्या तारेचे वेटोळे करून खिळ्याला टांगले, तर वीज वळणाचा मार्ग सोडून शेजारच्या भिंतीतील वायरिंगवर झेप घेऊ शकते. तार बाहेरच्या भिंतीवरून, रुंद वळणांनी, शक्य तितकी आखूड नेणे हाच उपाय. इमारतीवर तडितवाहक असल्यास खांब त्याच्याशी जोडावा किंवा मानकात दिलेले अंतर राखून त्याच्या संरक्षणक्षेत्रात ठेवावा.

भारतीय मानक आयएस ३०४३ प्रमाणे नळीचे विद्युत् अग्र किमान ३८ मिमी. आतील व्यासाचे आणि २.५ मीटर लांबीचे असावे. दख्खनच्या पठारावर मात्र अनेक ठिकाणी फूट-दोन फुटांवर काळा पाषाण लागतो आणि कोकणातील जांभ्याचा रोध जास्त असतो. तेथे खोल नळीऐवजी जीआय पट्टी निदान अर्धा मीटर खोल आडवी पुरावी लागते. काळी माती ओली असताना चांगली वाहक असली, तरी उन्हाळ्यात भेगाळून अग्रापासून सुटते. मीठ-कोळसा भरण्याची जुनी रीत रोध कमी करते, परंतु मीठ पावसात वाहून जाते आणि जस्ताचा मुलामा खाते, त्यामुळे अलीकडे बेंटोनाइट माती पसंत करतात. रोधाचे मापन अर्थ टेस्टरने एप्रिल-मे महिन्यांत करावे. पावसाळ्यातील आकडा फसवा असतो, आणि वळिवाच्या विजा नेमक्या कोरड्या जमिनीवर पडतात.

नळाच्या पाइपाला तार गुंडाळण्याची सोय पीव्हीसी नळ्या आल्यापासून निरर्थक झाली आहे. गॅसच्या नळीला किंवा न्यूट्रलला जोडणे निषिद्ध आहे. खांब कोसळला तरी उघड्या वीजतारांपर्यंत पोहोचू नये एवढे अंतर ठेवावे, कारण तारांवर पडलेल्या खांबाजवळ उभ्या माणसाला अर्थिंग वाचवतेच असे नाही. केबल घरात शिरते तेथे वेष्टन अर्थ केले, तरी आतला वाहक मोकळाच राहतो. त्यासाठी त्याच जागी विसर्जक, म्हणजे ठरावीक दाबाला प्रवाह अर्थकडे वळवणारी वायुनलिका, बसवतात. प्रत्यक्ष आघातापुढे तीही पुरी पडत नाही, म्हणून गडगडाट ऐकू येण्यापूर्वीच प्लग आणि केबल दोन्ही काढून ठेवतात.

दूरदर्शनने २०२२ पर्यंत बहुतेक ॲनालॉग भूप्रक्षेपक बंद केल्याने जुने आकाशक निरुपयोगी झाले, पण अनेक गच्च्यांवर त्यांचे गंजके खांब आणि भिंतीवरून लोंबणाऱ्या तुटक्या केबली तशाच आहेत. वापरात नसलेला खांबही विजेला वापरातल्या खांबाइतकाच उंच असतो. तो अर्थ तरी करावा, नाहीतर केबलसह उतरवावा.