शिबपूरच्या बागेतील चितारी

कलकत्ता शहराची कीर्ती आपल्या लोकांत निरनिराळ्या कारणांनी पसरलेली आहे. कोणी कालीघाटच्या देवीसाठी, कोणी दक्षिणेश्वर व बेलूर मठाच्या दर्शनासाठी, तर कोणी रवींद्रनाथांच्या जोडासाँको येथील वाड्यासाठी त्या शहराची वाट धरतो. परंतु हुगळीच्या पश्चिम तीरावर, हावड्याच्या दक्षिणेस, शिबपूर येथे जे विस्तीर्ण वनस्पतिउद्यान सव्वादोनशेहून अधिक वर्षे उभे आहे, तिकडे वळलेला मराठी प्रवासी बहुधा तेथील प्रचंड वटवृक्षाच्या छायेत घटकाभर विसावतो आणि परत फिरतो. त्या उद्यानाच्या दफ्तरात देशी चिताऱ्यांनी काढलेली सहस्रावधी वनस्पतिचित्रे जपून ठेवलेली आहेत, ही गोष्ट त्याला सहसा कोणी सांगत नाही. शास्त्राने त्या चित्रांचा आधार घेतला, कलेच्या इतिहासाने त्यांना शास्त्राचे साहित्य समजून बाजूस सारले, आणि या दोहोंच्या मध्ये ती काढणारी माणसे हरवली. माझ्या मते ही चित्रे म्हणजे भारतीय चित्रकलेतील एक स्वतंत्र व गौरवास्पद अध्याय असून तो त्यांच्या कर्त्यांच्या नावानिशी लिहिला गेला पाहिजे.

फुलापानांचे यथातथ्य चित्र काढण्याची विद्या आपल्याकडे इंग्रजांनी आणली, हा समज टिकण्यासारखा नाही. १६२० सालच्या काश्मीर-प्रवासात जहांगीर बादशहाने उस्ताद मन्सूर याच्याकडून शंभरांहून अधिक फुलांची चित्रे काढवून घेतली, हे खुद्द बादशहाच्या आत्मवृत्तात नमूद आहे. पुढे दिल्लीची सत्ता खिळखिळी झाली तेव्हा ही विद्या मुर्शिदाबाद व पाटणा येथील नबाब-सरदारांच्या आश्रयास गेली, आणि १७५७ च्या प्लासीच्या लढाईनंतर तोही आश्रय आटू लागला तेव्हा काही चिताऱ्यांनी पोटापाण्यासाठी कलकत्त्यातील गोऱ्या साहेबांची चाकरी पत्करली. सर्वोच्च न्यायालयाचा मुख्य न्यायाधीश एलायजा इंपे याची पत्नी लेडी मेरी इंपे हिने आपल्या बंगल्याच्या आवारात नाना देशींचे पशुपक्षी बाळगले होते; त्यांची चित्रे काढण्यासाठी तिने शेख झैनुद्दीन, भवानीदास व रामदास या पाटण्याच्या तिघा चिताऱ्यांना ठेवून घेतले, आणि १७७७ पासून पुढील पाचसहा वर्षांत त्यांच्या हातून तीनशेहून अधिक चित्रे निर्माण झाली. झैनुद्दीनने १७७७ साली काढलेला काकाकुवा सीताफळाच्या फांदीवर बसलेला आहे. पांढऱ्या कागदावर पांढरा पक्षी उठवून दाखवायचा, ही बिकट गोष्ट त्याने पिसापिसाच्या कडेशी फिरवलेल्या अतिसूक्ष्म रेषांनी साधली आहे, आणि भोवतालची पाने व फळे यांची रंगत अशी राखली आहे की पक्ष्याच्या माथ्यावरील पिवळ्या तुऱ्याकडे दृष्टी आपोआप जाते. या चिताऱ्यांची नावे आज ठाऊक आहेत, कारण त्यांना चित्रावर फारसीत सही करण्याची मोकळीक होती. पुढच्या पिढीतील अनेकांच्या वाट्याला तेवढेही आले नाही.

शिबपूरच्या उद्यानाचा जन्म सौंदर्याच्या ओढीतून झाला नाही. त्याच्या मुळाशी दुष्काळ होता. १७६९-७० च्या भयंकर दुर्भिक्षात बंगालची सुमारे एकतृतीयांश प्रजा मृत्युमुखी पडली, असा त्या काळच्या अधिकाऱ्यांचा अंदाज होता. ईस्ट इंडिया कंपनीच्या लष्करी खात्यातील लेफ्टनंट कर्नल रॉबर्ट किड याने १७८६ साली सरकारला जी योजना सादर केली तीत केवळ दुर्मिळ झाडांचा संग्रह करण्याचा हेतू नव्हता. मलायाकडील साबुदाण्याच्या ताडासारखी अवर्षणात माणसाला जगवणारी झाडे या मुलखात रुजवावीत, तसेच जहाजबांधणीचा साग आणि मसाल्याची झाडे लावून कंपनीचाही लाभ साधावा, अशी त्याची तजवीज होती. १७८७ साली बाग सुरू झाली. हुगळीकाठच्या गाळाच्या जमिनीने या मनसुब्यांना फारशी दाद दिली नाही: जायफळ-लवंगांना तेथील हवा मानवली नाही, सागाचा प्रयोगही फसला, आणि सागासाठी राखलेली जमीन १८२० च्या सुमारास बिशप्स कॉलेजला देऊन टाकण्यात आली. निसर्गाला हुकूम सोडून वाकवता येत नाही, हा पहिला धडा कंपनी सरकारला या बागेने शिकवला.

किड १७९३ साली वारला आणि विल्यम रॉक्सबर्ग हा स्कॉटिश वैद्य बागेचा अधीक्षक झाला. त्याची पूर्वीची चाकरी मद्रास इलाख्यात, तेलुगू मुलखातील सामलकोट येथे झाली होती. तेथेच त्याने देशी चिताऱ्यांकडून वनस्पतींची चित्रे काढवण्याचा परिपाठ सुरू केला होता आणि त्यांतील निवडक तीनशे चित्रे १७९५ ते १८२० या काळात लंडनमध्ये ग्रंथरूपाने छापली गेली. कलकत्त्यास त्याने हा परिपाठ वाढवला. १८१३ साली तो बाग सोडून गेला तोवर अडीच हजारांहून अधिक चित्रे तयार झाली होती; त्यांचा एक संच शिबपूरला राहिला व दुसरा इंग्लंडातील क्यू येथील उद्यानात आहे. तो आला तेव्हा बागेत सुमारे तीनशे जातींची झाडे होती. तो गेल्यानंतरच्या वर्षी निघालेल्या सूचीत ही संख्या साडेतीन हजारांच्या आसपास पोहोचली.

हे काम किती कष्टाचे होते याची कल्पना एका अशोकाच्या चित्रावरून यावी. अशोकाला पाकळ्या नसतात. आपण ज्याला फूल म्हणून पाहतो तो रंगीत निदलपुंज असतो, आरंभी नारिंगी आणि मागाहून शेंदरी होत जाणारा, आणि त्यातून लांब पुंकेसर बाहेर डोकावतात. फुलांचे घोस जून फांद्यांनाच लगटून येतात, कोवळी पालवी तांबूस व लोंबती असते, आणि हे सारे एकाच डहाळीवर फार थोडे दिवस नांदते. माळ्याने सकाळी तोडून आणलेली डहाळी दुपारच्या उन्हाने माना टाकण्याच्या आत चिताऱ्याला विलायती कागदावर तिची रेखाकृती उतरवावी लागे, रंगांच्या छटा जुळवाव्या लागत, आणि पुढे फूल उकलून त्याचे केसर, अंडाशय व बी हे अवयव कागदाच्या तळाशी निरनिराळे मांडावे लागत. हे अवयव दाखवण्याची मागणी साहेबाच्या शास्त्राची होती. परंतु पानाची शीर एका श्वासात ओढण्याची आणि कागदावर मोकळी जागा राखून फांदीला तोल देण्याची नजर मात्र पाटणा-मुर्शिदाबादच्या परंपरेतून आलेली होती. कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्रा’त स्त्रीच्या पदाघाताने फुलणारा अशोक, बुद्धमातेच्या कथेशी जोडला गेलेला अशोक, या चित्रात शास्त्राच्या कसोटीला उतरूनही आपले तेज राखून आहे. एशियाटिक सोसायटीचा संस्थापक सर विल्यम जोन्स याचे या वृक्षावर मोठे प्रेम होते. रॉक्सबर्गने अशोकाच्या वंशाला जोन्सचे नाव दिले, आणि पुढे लिनीअसने दिलेल्या अधिक जुन्या नावाला अग्रक्रम मिळून ते मागे पडले.

याच वर्तुळातील एका व्यक्तीशी मराठी वाचकाचा जवळचा संबंध आहे. १७४२ साली रघूजी भोसल्यांच्या फौजा बंगालवर चालून आल्या तेव्हा कलकत्तेकरांनी भीतीपोटी शहराभोवती खंदक खणला, आणि तो मराठ्यांच्या नावानेच ओळखला गेला. त्यानंतर साठपासष्ट वर्षांनी, त्याच हुगळीच्या काठी श्रीरामपूर येथे, विल्यम कॅरी या मिशनऱ्याने फोर्ट विल्यम कॉलेजातील मराठीच्या अध्यापनासाठी पंडित वैजनाथांच्या साहाय्याने १८०५ साली मराठीचे व्याकरण व १८१० साली कोश छापला. पुढे त्याच छापखान्यातून मोडी अक्षरांत ‘सिंहासन बत्तिशी’, ‘हितोपदेश’ आणि ‘रघूजी भोसल्यांची वंशावळी’ ही पुस्तके बाहेर पडली. हाच कॅरी निष्ठावंत वनस्पतिप्रेमी होता. १८१४ साली शिबपूरच्या झाडांची पूर्वोक्त सूची त्याने छापली, रॉक्सबर्गच्या मृत्यूनंतर त्याचा ‘फ्लोरा इंडिका’ संपादून प्रसिद्ध केला, आणि १८२० साली शेती व बागाईत यांसाठी एक संस्था स्थापन केली. रॉक्सबर्गने एका वनस्पतिवंशाला कॅरीचे नाव दिले आहे, आणि त्या वंशातील वृक्ष आपल्या सह्याद्रीत सर्वत्र आढळतो: तो आपला कुंभा. चैत्राच्या सुमारास रात्री उमलून सकाळी झाडाखाली सडा घालणारी त्याची केसराळ फुले कोकणच्या माणसाला सांगावी लागत नाहीत, आणि बाळंतिणीच्या औषधात पडणारा वाकुंभा काष्ठौषधींच्या दुकानात आजही मागितला जातो. मराठीचा हा व्याकरणकार आपल्या रानातील झाडाच्या शास्त्रीय नावात असा कायमचा राहिला आहे.

रॉक्सबर्गच्या चिताऱ्यांची नावे बहुतेक चित्रांवर नाहीत. ही उणीव अंशतः भरून निघाली ती नॅथॅनिएल वॉलिक या डेन्मार्कच्या वैद्याच्या कारकिर्दीत. श्रीरामपूरच्या डॅनिश वसाहतीत चाकरीस आलेला वॉलिक इंग्रजांचा युद्धकैदी झाला, आपल्या विद्वत्तेच्या बळावर सुटला, आणि पुढे सुमारे तीस वर्षे शिबपूरचा अधीक्षक राहिला. १८२९ ते १८३२ या काळात लंडनमध्ये निघालेल्या त्याच्या तीन खंडांच्या ग्रंथात २९५ चित्रे आहेत, आणि त्यांवर विष्णुप्रसाद व गोराचंद ही चिताऱ्यांची नावे छापलेली आढळतात. त्या ग्रंथाच्या अग्रभागी जी वनस्पती विराजमान आहे तिची कथा विशेष सांगण्यासारखी आहे. पहिल्या इंग्रज-ब्रह्मी युद्धानंतर वॉलिक मार्ताबान प्रांतात साल्वीन नदीच्या काठाने हिंडत असता एका जुन्या मठाच्या आवारात त्याला दोन वृक्ष दिसले. झुंबरांसारखे लोंबणारे त्यांचे शेंदरी घोस पिवळ्या ठिपक्यांनी नटलेले होते, आणि तीच फुले ओंजळी भरभरून जवळच्या गुहांतील बुद्धमूर्तींसमोर वाहिलेली होती. साहेबाने त्या वृक्षाला गव्हर्नर जनरलच्या पत्नीचे, लेडी अ‍ॅम्हर्स्टचे नाव दिले; परंतु त्याचे सौंदर्य प्रथम ओळखून ते देवासमोर ठेवणारे होते ते ब्रह्मी भाविक, आणि त्या सौंदर्याला जगापुढे रूप देणारा होता तो विष्णुप्रसाद. प्रवास, उपासना आणि कला या तिन्ही वाटा या एका झाडापाशी एकत्र आल्या. ज्ञानाच्या खतावणीत मात्र नाव चढले ते सत्तेचे.

१८४२ ते १८४४ या काळात वॉलिक रजेवर असता त्याच्या जागी आलेल्या विल्यम ग्रिफिथने बागेची जुनी रचना मोडून शास्त्रीय वर्गवारीनुसार नवी मांडणी आरंभली. १८४८ साली तेथे आलेल्या जोसेफ हूकरने जुन्या वृक्षराजींच्या नाशाबद्दल तीव्र खेद व्यक्त केला आहे. त्यानंतर ५ ऑक्टोबर १८६४ च्या चक्रीवादळाने नदीचे पाणी बागेत लोटले आणि अर्ध्याहून अधिक झाडे आडवी झाली. १८६७ च्या वादळाने उरलेसुरले मोडले. १८७१ मध्ये आलेल्या जॉर्ज किंग याने तळी खोदून, चढउतार निर्माण करून बाग पुन्हा उभी केली, आणि १८९० साली भारतीय वनस्पती सर्वेक्षण स्थापन झाले तेव्हा तोच त्याचा पहिला संचालक झाला. या सर्व उलथापालथीतून तरला तो वटवृक्ष. परंपरा सांगते की तो एका शिंदीच्या झाडाच्या माथ्यावर रुजला आणि त्या झाडाखाली एक फकीर बसत असे. वादळांच्या आघातानंतर बुरशीने पोखरलेला, पन्नास फुटांहून अधिक घेराचा त्याचा मूळ बुंधा १९२५ साली काढून टाकावा लागला. तरीही आज साडेतीन हजारांहून अधिक पारंब्यांच्या आधाराने त्याने चार एकरांहून अधिक भूमी आच्छादली आहे. साहेबाच्या नकाशात जी बाग होती ती लोकांच्या मनात फकिराच्या बैठकीची जागा राहिली. याच नदीच्या वरच्या अंगाला, राणी रासमणीने १८५५ साली बांधलेल्या दक्षिणेश्वरच्या मंदिराशेजारी, श्रीरामकृष्णांनी पाच पवित्र वृक्षांची पंचवटी लावली आणि तिच्या छायेत साधना केली. वृक्षाकडे पाहण्याच्या या दोन्ही रीती बंगालच्या भूमीत एकाच काळी नांदत होत्या, आणि वनस्पतींची संवेदना यंत्राने मोजणाऱ्या आचार्य जगदीशचंद्र बसूंच्या ठायी त्यांचा संगम झाला. २००९ पासून हे उद्यान त्यांच्याच नावाने ओळखले जाते, ही योग्य गोष्ट घडली.

जे शिबपूरला घडले तेच लहान प्रमाणावर आपल्याकडेही घडले आहे. पुण्याजवळ दापोडी येथील सरकारी बागेचा अधीक्षक अलेक्झांडर गिब्सन याने १८४७ ते १८५० या काळात एका चिताऱ्याकडून वनस्पतींची सुंदर चित्रे काढवली. ती आज एडिंबरोच्या उद्यानात आहेत, गिब्सनचे नाव सर्वांना ठाऊक आहे, आणि चित्रे काढणारा निनावी आहे. याउलट, दक्षिणेतील रॉबर्ट वाइट याने रंगय्या व गोविंदू या आपल्या चिताऱ्यांची नावे आदराने नोंदवली आणि ऑर्किडच्या एका वंशाला गोविंदूचे नाव दिले. ते नाव वर्गीकरणात टिकले नाही, तरी त्यामागील न्यायबुद्धी अनुकरणीय आहे.

ज्यांच्या हातांनी या देशाच्या वनस्पतींचे रूप कागदावर स्थिर झाले त्यांना नुसते कारागीर म्हणून मोकळे होणे हा अन्याय आहे. झैनुद्दीन, भवानीदास, रामदास, विष्णुप्रसाद, गोराचंद, रंगय्या आणि गोविंदू ही नावे मन्सूरच्या पंक्तीस बसण्याच्या योग्यतेची आहेत. आपल्या कलाशाळांनी या चित्रांचा अभ्यास चित्रे म्हणून करावा, जुनी दफ्तरे चाळून आणखी जी नावे हाती लागतील ती प्रसिद्ध करावीत, आणि शिबपूरला जाणाऱ्या मराठी प्रवाशाने वडाखालून निघण्यापूर्वी या चिताऱ्यांचे स्मरण करावे, एवढीच माझी विनंती आहे.