सारांश आकडेवारीवर आधारित दुर्मीळ जनुकभेद चाचण्या

लोकसंख्येत साधारणतः एक टक्क्याहून कमी वारंवारतेने आढळणाऱ्या जनुकभेदांचा एखाद्या रोगाशी अथवा गुणधर्माशी संबंध आहे का, हे व्यक्तींच्या मूळ नोंदींऐवजी एकत्रित आकड्यांवरून तपासणाऱ्या संख्याशास्त्रीय पद्धतींना सारांश आकडेवारीवर आधारित दुर्मीळ जनुकभेद चाचण्या म्हणतात.

असा भेद हजारो लोकांमागे मोजक्याच व्यक्तींत सापडत असल्याने एकेका भेदाची स्वतंत्र चाचणी बहुधा निष्फळ ठरते. म्हणून एका जनुकातील सर्व दुर्मीळ भेद एकत्र तपासतात. ‘बर्डन’ चाचणीत भेदांची भारित बेरीज केली जाते; मात्र काही भेद गुणधर्म वाढवणारे व काही घटवणारे असल्यास बेरजेत परिणाम लोपतो. ही अडचण काल्पनिक नाही. पीसीएसके९ या जनुकातील २००३ साली फ्रेंच कुटुंबांत सापडलेले भेद कोलेस्टेरॉल वाढवणारे होते. उलट २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील अभ्यासात, ३,३६३ कृष्णवर्णीय व्यक्तींपैकी २.६ टक्के व्यक्तींत हे जनुक निकामी करणारे भेद आढळले. त्यांचे एलडीएल कोलेस्टेरॉल सरासरी २८ टक्क्यांनी, तर हृदयरोहिणीच्या विकाराचा धोका ८८ टक्क्यांनी कमी होता. २०११ साली मांडलेल्या ‘स्कॅट’ चाचणीत प्रत्येक भेदाच्या गुणांकाचा वर्ग घेतला जात असल्याने दिशेचा प्रश्न उरत नाही. ‘स्कॅट-ओ’ ही दोहोंचा मेळ घालते.

या चाचण्यांना दोनच गोष्टी लागतात: प्रत्येक भेदाचा गुणांक आणि त्या गुणांकांचा सहप्रचरण सारणिक, म्हणजे ते एकमेकांसोबत किती बदलतात याचा तक्ता. निरनिराळ्या अभ्यासांतील या दोन्हींची बेरीज केली की मूळ नोंदी एकत्र न आणताही जवळपास तोच निष्कर्ष मिळतो. ‘रेअरमेटल’ व ‘मेटास्कॅट’ या संगणकप्रणाली याच तत्त्वावर चालतात. नुसती पी-मूल्ये प्रसिद्ध करणारा अभ्यास येथे फारसा उपयोगी नसतो. सर्वसामान्य भेदांसाठी सारणिक एखाद्या संदर्भसंचातून उसना घेता येतो. दुर्मीळ भेद मात्र त्या संचात मुळात नसण्याचीच शक्यता अधिक.

रुग्णांची तुलना ‘नोमॅड’सारख्या सार्वजनिक संग्रहातील आकड्यांशीही केली जाते. तेव्हा डीएनए-वाचनाची पद्धत किंवा लोकसमूह वेगळा असेल, तर तोच फरक रोगाचे कारण भासू शकतो.

एकत्रित आकडे म्हणजे पूर्ण गोपनीयता नव्हे. एखादी व्यक्ती अभ्यासात होती का, हे अशा आकड्यांवरून ओळखता येते, असे २००८ साली दाखवण्यात आले. त्यानंतर अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने ते सार्वजनिक वापरातून काढून घेतले. २०१८ साली संवेदनशील अभ्यास वगळता हे निर्बंध शिथिल झाले.