थोरला गेला, धाकट्याकडे आलं

डेव्हनशायरचे ड्यूक डेव्हनशायरमध्ये राहत नाहीत! त्यांचा चॅट्सवर्थचा वाडा डर्बीशायरमध्ये आहे. इतकी वर्षं इतिहास शिकवला, पण हे मला निवृत्तीनंतर कळलं.

तिसऱ्या विल्यमला राजा करण्यात हात होता म्हणून कॅव्हेंडिश घराण्याला १६९४ साली ही पदवी मिळाली. ती थोरल्या मुलाकडे, तो नसेल तर पुढच्या पुरुष वारसाकडे जायची. मुलीला नाही, दत्तकालाही नाही. सहावे ड्यूक १८५८ साली अविवाहित वारले तेव्हा ती चुलत पुतण्याकडे गेली. १९०८ साली निपुत्रिक आठव्या ड्यूकांकडून पुतण्याकडे. (१८४८ साली दत्तक नाकारून सातारा गिळणाऱ्यांच्या घरचाही कायदा हाच!)

पण मला चटका लावला तो दहाव्या ड्यूकांच्या मुलांनी. थोरला बिली, म्हणजे वारस. त्याने मे १९४४ मध्ये कॅथलीन केनेडीशी लग्न केलं, पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झालेल्या जॉन केनेडींची ही बहीण. मुलाचं घर कट्टर प्रोटेस्टंट, मुलीचं कॅथलिक. तिच्या आईला हे लग्न अजिबात मान्य नव्हतं. माहेरचा एकटा थोरला भाऊ ज्यो हजर होता. ऑगस्टमध्ये तो युद्धात गेला आणि सप्टेंबरमध्ये बेल्जियममध्ये बिलीही. मूल झालं नव्हतं. झालं असतं आणि मुलगा असता, तर तोच पुढचा ड्यूक.

मग वारस झाला धाकटा अँड्र्यू. वडिलांनी १९४६ मध्येच मालमत्ता त्याच्या हितासाठी लावून दिली होती, पण वारसाकर चुकवायला त्यानंतर पाच वर्षं जगणं भाग होतं. नोव्हेंबर १९५० मध्ये, अवघे काही महिने उरले असताना, पंचावन्नाव्या वर्षी ते गेले. कर ऐंशी टक्के! तिशीतल्या अँड्र्यूच्या वाट्याला पदवीबरोबर हे देणंही आलं. जमिनी गेल्या, चित्रं गेली, पूर्वजा बेसने बांधलेला हार्डविक हॉल गेला. सगळा हिशेब मिटायला १९७४ साल उजाडलं.

आमच्या दादानंतर घर आणि सोसायटीचं कर्ज माझ्याकडे आलं, तेव्हा मीही तिशीतच होतो. घर मिळालं म्हणून लोक अभिनंदन करत होते.

कॅथलीन १९४८ साली विमान अपघातात गेली. सासरच्यांनी तिला चॅट्सवर्थजवळच्या एडन्सर गावी आपल्या माणसांत पुरलं. जून १९६३ मध्ये अध्यक्ष केनेडी तिथे येऊन गेले.